ज्या डोंगरावर किल्ला नाही

फ्लॅगस्टाफ, अ‍ॅरिझोना
२० ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "त्या हंट्स मेसा डोंगरावर किल्ला नाही, देऊळ नाही, पाणीही नाही, मग तुम्ही दोन दिवस तिथे करता तरी काय?" मागून आईचा आवाज आला की, माणसांचा वावर नसलेल्या ठिकाणी कशाला तडमडायला जाता. तेव्हा घाईत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

आई, तिथे माणसांचा वावर नाही असेच आधी आम्हालाही वाटले होते. नावाहो नेशन हा नावाहो या मूळ अमेरिकी लोकांचा, अ‍ॅरिझोना, यूटा आणि न्यू मेक्सिको या तीन राज्यांत पसरलेला सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा मुलूख आहे. आपल्या साताऱ्याएवढे सहा जिल्हे त्यात सहज मावतील. तिथले लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात आणि त्यांचे सरकार, न्यायालये व पोलीस त्यांचे स्वतःचे आहेत. आपल्याला ओसाड दिसणारा माळ तिथल्या कुणा ना कुणा कुटुंबाच्या मेंढ्यांचे चराऊ रान असतो. म्हणून रस्ता सोडून आत चालायचे तर नावाहो उद्यान विभागाचा परवाना काढावा लागतो, आणि काही डोंगरांवर तर स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. आम्ही गेलो तो हंट्स मेसा याच मुलखात, मॉन्युमेंट व्हॅली नावाच्या तांबड्या सुळक्यांच्या खोऱ्याच्या दक्षिण कडेला आहे आणि त्याला हाच नियम लागू आहे.

आमच्या वाटाड्या बाई तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी ओळख करून देताना आधी आईचे कूळ सांगितले, मग वडिलांचे. दिने लोकांत मूल आईच्या कुळाचे धरतात. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुझी आई कुठली?" मी माहेर-सासर दोन्ही गावे सांगून टाकली.

खरे तर त्या आमच्यावर चिडायला हव्या होत्या, कारण आम्ही तासभर उशिरा पोहोचलो होतो आणि चूक सर्वस्वी माझी होती. उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे सरकवतात. अ‍ॅरिझोना राज्य ती सरकवत नाही, नावाहो नेशन सरकवते, आणि त्याच्या पोटात असलेला होपी लोकांचा प्रदेश पुन्हा सरकवत नाही. नावाहोंच्या टुबा सिटीत आठ वाजलेले असतात तेव्हा रस्त्यापलीकडच्या होपींच्या मोएनकोपी गावात सातच वाजलेले असतात. बाबा, तुम्ही दिलेले एचएमटी अगदी बरोबर चालत होते, पण फ्लॅगस्टाफच्या वेळेने!

आता डोंगराविषयी. 'मेसा' म्हणजे स्पॅनिश भाषेत टेबल, त्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर पाचगणीचे टेबललँड आले असेल, आणि ते चुकीचे नाही. पाचगणीला माथ्यावरच्या जांभ्याच्या कठीण थराने खालचा काळा दगड राखला. इथे माथ्यावर शिनारम्प नावाचा टणक दगड आहे, त्याखाली वालुकाश्माचा ताशीव कडा आणि तळाशी मऊ तांबडी शेल, म्हणजे चिखलाचा थराथराचा दगड. पाऊस आणि वारा तळाची शेल खातात, आधार गेला की वरचा कडा फळीसारखा तुटून पडतो. असे होत होत मेसाचा ब्यूट, म्हणजे एकटा उभा राहिलेला लहान सपाट माथ्याचा डोंगर होतो, ब्यूटचा सुळका होतो आणि अखेरीस सुळक्याचीही वाळू होते. कड्याजवळ गेल्यावर त्या वालुकाश्मावर तिरप्या रेघा दिसतात. त्या सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांच्या आहेत. वाळू ज्या उतारावर घसरली तो उतार जसाच्या तसा दगड होऊन बसला आहे. मी तळवा टेकून उचलला तर हाताला बारीक तांबडी वाळू चिकटून आली. चढताना मात्र हा दगड आपल्या कातळापेक्षा बुटाला चांगला धरतो, फक्त तो ओला नसावा.

पाय कुठे ठेवायचा, याच्याइतकाच कुठे ठेवायचा नाही याला तिथे महत्त्व आहे. वाळवंटी मातीवर काळपट, खरबरीत खपली दिसते, करपलेल्या थालीपिठाच्या कडेसारखी. ती सूक्ष्म जिवांची, शेवाळाची आणि दगडफुलांची बनलेली असते, मातीला धरून ठेवते, आणि एका बुटाने मोडली तर पूर्ववत व्हायला कित्येक वर्षे घेते. म्हणून बाई आम्हाला दगडावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातूनच नेत होत्या. एका कपारीत जुन्या वस्तीच्या भिंती दिसल्या, तेव्हा त्या दुरूनच थांबल्या. गेलेल्या माणसांच्या जागेत दिने लोक शिरत नाहीत. मला आपल्या देवराईची आठवण झाली. तिथून वाळकी काटकीसुद्धा आजी आम्हाला उचलू देत नसे.

बाबा, वर किल्ला नाही हे खरे, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर बाईंनीच दिले. १८६३-६४ मध्ये अमेरिकी सैन्याने किट कार्सन या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली दिने लोकांची पिके आणि पीचच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि हजारो माणसांना न्यू मेक्सिकोच्या पूर्वेकडील बॉस्क रेदोंदो येथील छावणीत चालवत नेले. वाटेत आणि छावणीत मिळून सुमारे दोन हजार मेली. १ जून १८६८ च्या तहानंतर उरलेले लोक परतले. या काळात काही जण सैन्याच्या हाती लागलेच नाहीत. होस्किनिनी नावाच्या पुढाऱ्याने आपली माणसे घेऊन याच डोंगर-घळींत दिवस काढले. तटबंदी नव्हती, बुरूज नव्हते. कोणत्या खळग्यात पावसाचे पाणी साठते एवढी माहिती होती. ती माहिती अजूनही सगळ्यांना सांगत नाहीत. म्हणून मीही आमची वाट फोटोंसह कुठे टाकलेली नाही, आणि तुमचे जावई त्यावरून अजून कुरकुरत आहेत.

पाण्याची काळजी करू नका. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर, आम्ही पाठीवरून नेले होते. रात्री माथ्यावर तंबू ठोकला. पहाटे बाई पूर्वेकडे तोंड करून एकट्याच कडेला जाऊन उभ्या राहिल्या, हातात मक्याच्या परागांची लहानशी पिशवी होती. आम्ही तंबूच्या दुसऱ्या बाजूला पाठ करून बसलो आणि स्टोव्हवर चहा ठेवला. परत आल्यावर त्यांनी निळ्या मक्याच्या पिठाचा घाटा केला, त्यात जुनिपरच्या पानांची राख चिमूटभर घातली. आई, चव नाचणीच्या आंबिलीच्या जवळ जाते. गूळ असता तर मी घातला असता.

एप्रिलमध्ये यायचे तुमचे नक्की असेल तर हंट्स मेसाचा आग्रह मी धरणार नाही. मॉन्युमेंट व्हॅलीतच वाइल्डकॅट नावाची पाच-सहा किलोमीटरची वाट आहे, तिथे वाटाड्या लागत नाही आणि ती एका ब्यूटला प्रदक्षिणा घालून परत येते. वाळू भुसभुशीत आहे आणि परतीला चढ आहे, तेव्हा आईने गुडघ्याच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. बाबा, तुमची वेताची काठी आणा. इथे मिळतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या तुम्हाला आवडणार नाहीत. आणि घड्याळ विमानतळावर मी स्वतः लावून देईन.

तुमची,
धाकटी