भौतिकशास्त्राच्या पदवीधराला जीवशास्त्राचे दार बंद का?

संपादक महोदय,

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की गोव्यात घरोघरी एकच खल चालतो: गणित घ्यायचे की जीवशास्त्र? फोंडा तालुक्यातील एका हायर सेकंडरीत मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. अर्जातील ‘गणित’ या शब्दावर काट मारताना पालकांना हायसे वाटलेले मी कितीदा तरी पाहिले आहे. एकदा वाट धरली की ती बदलता येत नाही, असे सगळेच गृहीत धरतात. या समजुतीला वेंकटरामन रामकृष्णन यांच्या कारकिर्दीइतके चोख उत्तर मला दुसरे ठाऊक नाही.

चिदंबरम येथे 1952 साली जन्मलेल्या आणि वडोदऱ्यात वाढलेल्या रामकृष्णन यांनी 1971 साली तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि 1976 साली अमेरिकेतील ओहायो विद्यापीठातून त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. त्या संशोधनात आपले मन रमत नाही हे उमगल्यावर त्यांनी जे केले, त्याला आपल्याकडे नातेवाइकांनी खुळेपणाच म्हटले असते. डॉक्टर झालेला हा तरुण सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पुन्हा बाकावर जाऊन बसला. दोन वर्षांनी येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे त्यांना पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमचे काम मिळाले. त्यातील प्रथिनांच्या जागा न्यूट्रॉनांच्या साहाय्याने हुडकायच्या होत्या. म्हणजे आधीचे शिक्षण वाया गेले, असे कोणी म्हणू नये. तरीही प्राध्यापकपदासाठी सुमारे पन्नास विद्यापीठांकडे केलेले त्यांचे अर्ज फळले नाहीत.

येथे वर्गातला एक प्रयोग सांगावासा वाटतो. दाढीची दोन ब्लेडे जवळजवळ चिकटवून त्यांच्यामधल्या फटीतून लेझरचा किरण सोडला की भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. फट अरुंद करावी तसे पट्टे रुंदावतात आणि पट्ट्यांच्या मापावरून फटीची रुंदी काढता येते. क्ष-किरण स्फटिकावर सोडून त्यातील अणूंच्या जागा काढतात, त्याच्या मुळाशीही हेच विवर्तन, म्हणजे अरुंद फटीतून किंवा अडथळ्यांमधून जाताना किरणांचे पसरणे, असते. रामकृष्णन यांनी 1991-92 मध्ये केंब्रिजला राहून हे तंत्र आत्मसात केले, तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे 1999 साली ते केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत कायमचे रुजू झाले आणि 2000 साली त्यांच्या गटाने रायबोसोमच्या लहान घटकाची अणुपातळीवरील रचना प्रसिद्ध केली. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमवर नेमके कोठे जाऊन बसते, हेही त्यातून दिसले. या कामासाठी 2009 साली त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासह नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे! 2015 ते 2020 या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते.

अशी माणसे परमुलखातच निपजतात असे नव्हे. आपल्या कोसबें गावात 1907 साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पण ते मूळचे गणिती, आणि गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी त्यांनी 1944 साली मांडलेले सूत्र जनुकशास्त्रात आजही ‘कोसंबी फलन’ म्हणून वापरले जाते.

माझा एक विद्यार्थी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि प्रथिनांच्या रचनेवर संशोधन करावे म्हणून त्याने एका संस्थेत अर्ज केला. पदवीचा विषय जुळत नाही, एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यावर अर्ज परत आला. मुलाखतीला बोलावून त्याला चार प्रश्नसुद्धा कोणी विचारले नाहीत. तो आता बँकेत आहे.

राज्यातील विद्यापीठाने आणि संशोधन संस्थांनी जीवशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशात भौतिकशास्त्र व गणिताच्या पदवीधरांना प्रवेश परीक्षेस बसू द्यावे आणि निवड झालेल्यांसाठी पहिल्या वर्षी जीवशास्त्राचा पूरक अभ्यासक्रम ठेवावा. पुढील प्रवेशाच्या माहितीपत्रकात ही सोय स्पष्ट शब्दांत छापली जावी, ही विनंती.

एक निवृत्त शिक्षक,
फोंडा, गोवा