वाचनालयाच्या संकेतस्थळाविषयी मित्रास पत्र

रत्नागिरी,
१२ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी दरवर्षी होस्टिंगचे (पाने इंटरनेटवरील संगणकावर ठेवण्याचे) पैसे भरावेत का, हा प्रश्न तुमच्या कार्यकारिणीपुढे आला आहे. माझ्या मते ते भरू नयेत. तो पैसा पुस्तकांवरच खर्च व्हावा.

पुस्तकांची सूची, उघडण्याच्या वेळा, वर्गणीचे नियम आणि नव्या पुस्तकांची नोंद, एवढेच तुम्हाला दाखवायचे आहे. यातले काहीही वाचकागणिक बदलत नाही, त्यामुळे सर्व्हरवर (पाने पुरवणाऱ्या संगणकावर) डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा सांभाळणारी प्रणाली, चालवण्याचे कारण उरत नाही. सूचीत शोध घेण्याची सोयसुद्धा डेटाबेसविना होते: संपूर्ण सूची एका जेसन फाइलमध्ये (माहिती साध्या मजकुरात मांडणाऱ्या फाइलमध्ये) ठेवायची आणि वाचकाच्या फोनमधल्या ब्राउझरने जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साहाय्याने तीत शोध घ्यायचा. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, तरीही काही हजार पुस्तकांची सूची साधारण एक-दोन एमबीत मावते आणि पाठवताना संकुचित होऊन आणखी लहान होते.

अशा स्थिर पानांसाठी गिटहब या संकेतस्थळाची गिटहब पेजेस ही पाने प्रकाशित करण्याची सेवा पुरेशी आहे. ही सेवा २००८ पासून चालू असून मोफत खात्यात रेपॉझिटरी (फाइली आणि त्यांतील बदलांचा इतिहास ठेवण्याचा कप्पा) सार्वजनिक ठेवली की वापरता येते. प्रकाशित संकेतस्थळाला १ जीबीची आणि महिन्याच्या वाहतुकीला सुमारे १०० जीबीची मर्यादा आहे. गावच्या वाचनालयाला ती अडचण ठरणार नाही. रेपॉझिटरीत इंडेक्स डॉट एचटीएमएल ही मुख्य पानाची फाइल ठेवावी, सेटिंग्जमधील पेजेस या विभागात मेन शाखा (फाइलींची मुख्य आवृत्ती) आणि मूळ फोल्डर निवडून जतन करावे, म्हणजे काही मिनिटांत पत्ता मिळतो. पुढे प्रत्येक पुशनंतर, म्हणजे बदल गिटहबवर चढवल्यावर, संकेतस्थळ आपोआप अद्ययावत होते.

पाने आपल्या संगणकावर नीट दिसतात आणि चढवल्यावर मोडतात, याची कारणे बहुधा दोनच असतात. विंडोजला फाइलच्या नावातील मोठ्या व लहान इंग्रजी अक्षरांचा फरक जाणवत नाही, पेजेसला मात्र तो जाणवतो. म्हणून सर्व नावे लहान अक्षरांतच ठेव. दुसरे असे की, रेपॉझिटरीच्या नावाने मिळालेल्या पत्त्यात ते नाव मुख्य पत्त्यानंतर येते, त्यामुळे तिरप्या रेघेने सुरू होणारे दुवे भलतीकडे जातात. दुवे सापेक्ष, म्हणजे चालू पानाच्या जागेपासून मोजलेले, ठेवलेस तर ही अडचण येत नाही.

आपल्या कोकणात मला या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो वेगळाच. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज बराच काळ आली नव्हती, हे तुला आठवत असेलच. गिटहब ज्यावर चालते त्या गिट या प्रणालीत कमिट करण्यास, म्हणजे बदल नोंदवण्यास, इंटरनेट लागत नाही, कारण बदलांचा सगळा इतिहास आपल्या लॅपटॉपवरच असतो. ग्रंथपालांनी नोंदी करत राहावे आणि रेंज आली की एकदाच पुश करावे. तुमच्याकडे अंधार असला तरी पाने इतर ठिकाणच्या सर्व्हरवरून मुंबईतल्या चाकरमान्यालाही दिसत राहतात.

मात्र एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगतो. सभासदांची नावे, फोन क्रमांक, कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंद, यांतले काहीही या रेपॉझिटरीत जाऊ देऊ नकोस. सार्वजनिक रेपॉझिटरीतून फाइल नंतर काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये ती वाचता येते. एखाद्या माणसाने काय वाचले, ही त्याची खासगी बाब आहे आणि वाचनालयाने ती जपलीच पाहिजे. देवघेवीचे रजिस्टर कपाटातच राहू दे.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या स्वतंत्र नावावर, करा. डोमेन एखाद्या उत्साही तरुणाच्या नावे न घेता संस्थेच्या नावे घ्या, आणि गिटहबवर संस्थेचे खाते उघडून दोघांना मालकीचे अधिकार द्या, म्हणजे एक जण पुण्याला नोकरीला गेला तरी काम अडत नाही. एचटीटीपीएसचे (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते. उद्या पेजेसचे नियम बदललेच, तर हीच रेपॉझिटरी नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या तशाच सेवांना जोडता येईल. डोमेन आपले असल्यामुळे वाचकांना नवा पत्ता शोधावा लागणार नाही. कार्यकारिणीला हा मुद्दा सर्वांत आधी सांग.

सूची आज एक्सेलमध्ये असेल तर ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून मला पाठव. ग्रंथनाम, लेखक, प्रकार आणि दाखल क्रमांक एवढे चार रकाने पुरेत. शोधाचे पान मी लिहून देतो. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी ते चढवून टाकू.

काकींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश