बोटवाल्या काकांना, उशिराच पण मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

ओळखलंत का माहीत नाही. तुमच्या बोटीतून त्या जंगलाच्या बेटावर आलेलो सहा जण आम्ही, मी, नवरा, आई, माझा भाऊ, वहिनी आणि आमचा नऊ वर्षांचा पोरगा, ज्याने येताना तुम्हाला चारेकशे प्रश्न विचारले. तरी आठवत नसेल तर अजून एक खूण सांगते, बेटावर तुमच्याशी ज्याने वाद घातला तो माझा नवरा. आता आठवलं असेल.

थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं हो. उतरताना सगळे ओले, पाय चिखलाने भरलेले, त्यात जरा लाजलेले पण, त्यामुळे पटापट बॅगा उचलल्या आणि सटकलो. घरी आल्यावर दोन दिवस आई रोज विचारत होती, त्या माणसाला नीट आभार तरी मानलेत का रे, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. हे असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण वाद पण सगळ्यांसमोरच घातला होता.

खरं सांगायचं तर तुमच्याकडे आम्ही नाइलाजाने आलो होतो. आधी ज्याच्याशी बोलणं झालं होतं त्याने फोनवर फक्त किती जण एवढंच विचारलं, अ‍ॅडव्हान्स घेतला आणि आदल्या दिवसापासून फोन उचलणं बंद. मग कुणीतरी तुमचा नंबर दिला, आणि तुम्ही तर फोनवर माझी मुलाखतच घेतलीत. पोहता कुणाकुणाला येतं, पोराचं वजन किती, आईंना वाकून उतरता येईल का, गुडघे कसे आहेत, बोट लागते का कुणाला. मी वैतागून नवऱ्याला म्हटलं पण, बोट बुक करतोय का लग्न जमवतोय. शेवटी तुम्ही म्हणालात, "दहाला इथून सुटायचं आणि दीडला तिथून हलायचं, हे चालणार असेल तरच हो म्हणा." मी हो हो चालेल म्हटलं, आणि खरं म्हणजे ते दीडचं मी ऐकलंच नव्हतं.

पोराचं वजन का विचारलं ते धक्क्यावर कळलं. आम्ही घरून आणलेलं लाइफ जॅकेट तुम्ही त्याला घातलं, सगळे पट्टे आवळले आणि दोन्ही खांद्यांना धरून नुसतं वर उचललं. जॅकेट वर आलं आणि पोरगा खालीच, कान झाकले गेले त्याचे. "पाण्यात पण असंच होतं," एवढंच बोललात आणि तुमच्याकडचं छोटं, पायांमधून पट्टा जाणारं काढून घातलंत. मी गेली दोन वर्षं त्याला ते मोठं जॅकेट घालून फिरवतेय काका, 'अंगाला येईल पुढे' म्हणून एक साइज मोठं घेतलेलं, शाळेच्या युनिफॉर्मसारखं. त्या रात्री मला झोप लागली नाही नीट.

मग तुम्ही एका कागदावर आमची नावं लिहून धक्क्यावरच्या माणसाकडे दिलीत, कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परत नाही आलो तर कुणाला कळवायचं ते पण. भाऊ हसला होता तेव्हा, म्हणे एवढ्याशा ट्रिपला एवढं काय. आणि ते बूट झटकणं! बोटीत पाय ठेवायच्या आधी सगळ्यांचे बूट ब्रशने घासायला लावलेत, बॅगा उलट्या करून झटकायला लावल्यात, मोज्यांना चिकटलेली कुसळं एकेक काढायला लावलीत. वहिनीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही म्हणालात, बेटावर जे नाही ते आपण न्यायचं नाही, बी नाही, मुंगी नाही, उंदीर तर नाहीच नाही. उंदराचं ऐकून आम्ही जाम हसलो, बॅगेतून उंदीर कोण नेतं!

घरी येऊन सहज शोधलं तर हसू गेलं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात लॉर्ड हाव नावाचं असंच जंगलाचं बेट आहे, तिथे 1918 साली एक जहाज खडकाला लागलं आणि त्यातले उंदीर किनाऱ्यावर उतरले. तिथल्या पक्ष्यांनी उंदीर हा प्रकार कधी बघितलाच नव्हता. थोड्याच वर्षांत पक्ष्यांच्या 5 जाती संपल्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या. काडीसारखा दिसणारा एक हातभर नाही पण वीतभर किडा होता तिथे, तो पण गेला असंच सगळे धरून चालले होते, आणि 2001 मध्ये जवळच समुद्रातून वर आलेल्या एका उघड्याबोडक्या सुळक्यावर एका झुडपाखाली थोडेसे सापडले. पोराला हे सांगितलं तर आता तो कुठेही जाताना बॅग झटकतो. आजीच्या घरी जाताना पण.

आईचं मात्र वेगळं लिहायला हवं. तिला बोट लागते, आणि सत्तरीनंतर तिने 'मी नाही आले तरी चालेल' हे वाक्य एवढ्यांदा म्हटलंय की आम्हाला ते ऐकूच येईनासं झालंय. तुम्ही तिला पुढे बसायला दिलं नाहीत, सगळ्यात छान व्ह्यू तिथे होता तरी, कारण पुढचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं. मधोमध, जरा मागे, खाली आणि धुराच्या उलट्या बाजूला बसवलंत. फोन पर्समध्ये टाकायला लावलात आणि म्हणालात, "ती लांब पाण्याची रेघ दिसते ना, तिच्यावर नजर ठेवा, बोट हलेल पण ती नाही हलणार." डोळ्यांना बोट स्थिर दिसते आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं हलतोय, या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं, हे मला नंतर समजलं. आईने जाताना अख्खा वेळ ती रेघ सोडली नाही, कुणाशी बोलली नाही, आणि उतरल्यावर म्हणाली, मला काहीच झालं नाही गं. चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

बेट जवळ आल्यावर तुम्ही इंजिन बंद केलंत. भाऊ तेवढ्यात ब्लूटूथ स्पीकर काढत होता आणि तुम्ही त्याला नको म्हणाला नाहीत, नुसतं म्हणालात, पाच मिनिटं ऐका, मग लावा गाणी. आणि बांबूने बोट ढकलत राहिलात. आधी काहीच ऐकू येईना, कानात इंजिनच घुमत होतं अजून. मग हळूहळू बांबूवरून ठिबकणारं पाणी, मग बोटीच्या पोटाला लागणारं पाणी, मग रातकिड्यांचा तो एकसारखा आवाज किनाऱ्यावरून, आणि मध्येच तो एकदम थांबायचा, सगळे मिळून ठरवल्यासारखे. कुणी काही बोलेना. आणि त्या शांततेत स्पीकरमधली बाई मोठ्यांदा म्हणाली "बॅटरी लो". आम्ही एवढे हसलो की रातकिडे परत बंद! स्पीकर पुन्हा बॅगेबाहेर आलाच नाही.

जंगलात तर मी हरवूनच गेले असते, म्हणजे मनाने. कडेची झाडं वाऱ्याने एका बाजूला विंचरल्यासारखी वाकलेली, बुटकी, पानं जाड, आणि दहा-पंधरा पावलं आत गेलं की सगळं सरळसोट उंच, वारा गायब, अंगाला गारवा. कडेची झाडं मार खातात म्हणून आतली उभी राहतात असं तुम्ही म्हणालात, आणि आई लगेच म्हणाली, घरासारखंच की. (हे तिने कुणाला उद्देशून म्हटलं त्यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.)

वहिनीने शंख गोळा केले होते मूठभर. तुम्ही ओरडला नाहीत. तिला एका दगडामागे नेलंत आणि बघायला लावलंत, शंखात राहणारे खेकडे, चार-पाच, लहानमोठे, एकामागे एक रांगेत. एक मोठा रिकामा शंख पडला होता आणि सगळ्यात मोठा खेकडा त्याच्या तोंडात नांगी घालून आतून मोजमाप घेत होता, अगदी फ्लॅट बघायला आल्यासारखा. मग सर्रकन जुन्यातून निघून नव्यात. ते उघडं, गुलाबीसर, वाकडं पोट एक सेकंद दिसलं फक्त. त्याने सोडलेल्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. वहिनीने काही न बोलता मूठ उघडून सगळे शंख तिथेच ठेवले.

आता मुद्द्यावर येते. दीड वाजता तुम्ही हाक मारलीत तेव्हा आम्ही नुकते डबे उघडत होतो, भाऊ झाडाखाली आडवा, आई कधी नव्हे ते पाय पाण्यात सोडून बसलेली. नवरा म्हणाला, आत्ता कुठे आलोय. तुम्ही म्हणालात, ओहोटी लागली. मग तो जे बोलला ते मी इथे सगळं लिहीत नाही पण सूर असा होता की प्रायव्हेट बोट आहे, पूर्ण दिवसाचे पैसे घेतलेत, तर कधी निघायचं ते आम्ही ठरवू. आणि मी पण गप्प नव्हते काका, मी पण म्हणाले, पाणी तर एवढं दिसतंय की. तुम्ही चिडला नाहीत. "बोट तुमच्यासाठीच आहे हो, पण ओहोटीला कुणी सांगायचं," असं काहीतरी पुटपुटत नांगराकडे गेलात.

पोराला ती काठी तुम्ही बाराला रोवायला सांगितली होती, बरोबर पाण्याच्या कडेला. एक वाजता तो मला म्हणाला होता, काका उगाच सांगतात, पाणी काही जात नाही, जेमतेम दोन पावलं गेलंय. आणि दोन वाजता तोच धावत आला, "आई, पाणी पळालं!" काठी कोरड्या वाळूत उभी होती आणि पाणी कुठल्या कुठे. त्यामागचं गणित तुम्ही येताना त्याला बोटांवर समजावलंत ते त्याने वहीत लिहून ठेवलंय: भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास, उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग करायचे, पहिल्या तासात 1 भाग जातो, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3, चौथ्यात 3, मग 2, मग 1. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच जातं. आम्ही 'अजून पंधरा मिनिटं' करत नेमके त्याच दोन तासांत शिरलो होतो. त्यात पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली, उधाणाचं पाणी, भरती मोठी तशी ओहोटीपण मोठी.

सव्वादोनला बोटीचं बूड टेकलं होतं. मग ते ढकलणं, नवरा आणि भाऊ मांडीपर्यंत चिखलात, नवऱ्याची एक चप्पल तिथेच गेली (नको तिथे कचरा टाकू नका म्हणणारा माणूस तो, त्याला फार लागलंय ते), आणि तुम्ही बांबू लावून "आत्ता... आत्ता" म्हणत प्रत्येक लाटेबरोबर बोट जराशी सोडवत होतात. सुटली तेव्हा तुम्ही पहिलं काय केलंत तर आईला विचारलंत, घाबरलात का. आम्हाला कुणालाच एक शब्द सुनावला नाहीत. सुनावायला हवं होतं खरं तर.

घरी मी हिशोब केला. सव्वादोनला जेवढं पाणी होतं तेवढं परत यायला रात्रीचे दहा वाजले असते. दहा! अंधारात, तिरक्या बोटीत, आई आणि पोराला घेऊन. सकाळी चढत्या भरतीत किनारा का लावलात ते पण आता लक्षात येतं, चढत्या पाण्यात चुकून टेकली तर पाणीच उचलून घेतं, उतरत्या पाण्यात टेकली की बसा.

आणि नुसतं तेवढंच नाही. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो हे शाळेत दहा मार्कांना लिहिलं होतं मी, पण तो वारा अंगावर घेऊन ओहोटीच्या ओढीविरुद्ध लाटा अशा उभ्या राहतात हे तिथे बघितलं. सकाळी तेच पाणी कसं आरशासारखं होतं. परत येताना पांढरे फेस दिसायला लागले तेव्हा तुम्ही पोराला म्हणालात, मोज किती दिसतात ते, मोजता येतायत तोवर ठीक. त्याला वाटलं खेळ आहे. तो मोजत राहिला, तुम्ही वेग कमी करून लाटा तिरक्या घेत राहिलात, आणि आई तिची रेघ धरून बसलेली. नंतर वाचलं की वाऱ्याचा जोर ओळखायची पट्टी ब्यूफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्येच बनवली होती, तेव्हा जहाजाच्या शिडांवरून, आणि समुद्राकडे बघून ओळखायचं त्यात नंतर आलं, तिसऱ्या नंबरला तुरळक फेस, चौथ्याला बऱ्यापैकी. पोराच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं मोजणं सत्तावन्नला चुकलं. म्हणजे आम्ही चौथ्यात होतो बहुतेक.

नवऱ्याने सॉरी म्हणायला सांगितलंय. मी म्हटलं तू स्वतः लिही, तर म्हणाला, फोन करतो. तर त्याचा फोन आला तर उचला, आणि नाही आला तर मला सांगा.

एक काम पण आहे. आईची निळी छत्री तुमच्या बोटीत राहिलीय, बहुतेक मागच्या फळीखाली. पाठवू नका, असू दे तिकडेच. आई म्हणते पुढच्या वेळी गेलो की घेऊ, आणि हे ती स्वतःहून म्हणाली, 'मी नाही आले तरी चालेल' न म्हणता. पोराने वहीत अष्टमीच्या पुढेमागे भांग असते, पाणी कमी उतरतं असं लिहिलंय, म्हणजे तेव्हा जरा जास्त वेळ थांबता येईल का? तुम्ही सांगाल ती तारीख, तुम्ही सांगाल ती वेळ. दीड म्हणालात तर सव्वाला बोटीत बसतो.

तुमची,
आणि मोठं जॅकेट कपाटात टाकलेली,
त्या पोराची आई