मनू, ड्रिल अजून काढू नकोस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून मी फार काही बोललो नाही. गाडीच्या थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेच्या आवरणाच्या) बोल्टाचं डोकं सॉकेटमध्ये तुटून आल्यावर तू पाना खाली ठेवलास आणि दिवा मालवून घरात गेलीस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. तुटलेला बोल्ट निघतो गं. पुढच्या अर्ध्या तासात रागाच्या भरात जे केलं जातं, ते निस्तरायला मात्र जन्म जातो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. वाचून होईपर्यंत गाडीजवळ जाऊ नकोस.

आधी बोल्ट कसा तुटला ते पाहू, कारण तो कसा निघेल हे त्यावरच ठरतं. आवळताना तुटला असता तर मी निर्धास्त असतो. जादा आवळल्यामुळे तुटलेल्या बोल्टाचा आतला तुकडा बहुतेक वेळा सैलच असतो. डोकं गेलं की ताण जातो, आणि टोच्याच्या टोकाने ढकलला तरी तो फिरत वर येतो. तुझा सोडवताना तुटलाय. म्हणजे डोकं तुटण्याइतका जोर लागला तरी खाली कुठेतरी पकड सुटली नाही. आता ही पकड नेमकी कुठे आहे, ते शोधायचं.

तुझा पहिला अंदाज असणार की आटे जाम झालेत. असेलही. पण थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगमध्ये मला वेगळीच शंका येते. तिथे बोल्ट पोलादाचा, हाऊसिंग आणि इंजिनाचं हेड, म्हणजे त्याचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, आणि मधे वर्षानुवर्षं झिरपणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. दोन वेगळे धातू आणि मधे ओल असली की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे बोल्टाचा गुळगुळीत दांडा हाऊसिंगच्याच भोकात घट्ट आवळला जातो. खाली आटे बरे असतात आणि दांडा मात्र वर अडकलेला असतो. तू पाठवलेल्या फोटोत भोकाच्या कडेला पांढरा थर दिसतोय, तोच हा.

म्हणून तुटलेल्या बोल्टाला सध्या हातच लावू नकोस. आधी लक्ष दुसऱ्या बोल्टाकडे दे. तो अजून शाबूत आहे आणि तोही तितकाच जुना आहे. तो तुटला तर काम दुप्पट होईल. तो नीट निघाला तर हाऊसिंग हळूहळू हलवून वर काढता येईल, आणि मग तुटलेल्या बोल्टाचा बोटभर खुंट धरायला मिळेल. खुंट धरायला मिळणं म्हणजे अर्धं काम झालं.

गाडी पूर्ण गार असताना बॅटरीची ऋण तार काढ आणि कूलंट काढून घे. मग दोन्ही बोल्टांवर गंज सोडवणारं तेल टाक. बाजारात स्प्रे मिळतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल म्हणजे एटीएफ आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून करणारेही पुष्कळ आहेत. मीही ते वापरलंय, पण ते भुरकन पेट घेतं आणि ठेवलं की वेगळं होतं, म्हणून गरम करायचं असेल त्या दिवशी ते वापरू नकोस. तेल टाकल्यावर शाबूत बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दे. घाव घालायचे नाहीत, टकटक करायची. त्या हादऱ्याने भुकटीला बारीक भेगा पडतात आणि तेलाला आत वाट मिळते. रात्रभर तसंच राहू दे. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा टकटक. दोन दिवस गेले तरी चालतील.

मग उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. 8 मिमीच्या भोकात शंभर अंशांनी तापमान वाढलं तर भोक आणि बोल्ट यांच्यात जेमतेम एक शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. केसाच्या जाडीपेक्षा हा कितीतरी कमी, पण गंजाची पकड मोडायला पुरतो. हीट गन वापर, गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि लोखंडासारखं आधी लाल होऊन इशारा देत नाही. दिसायला जसंच्या तसं आणि एकदम खाली ओघळतं, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारचे सेन्सर आणि प्लास्टिकचे पाईप ओल्या फडक्याने झाक. पेट्रोलचा वास येत असेल तर हीट गन चालूच करायची नाही. आणखी एक, हे विसरू नकोस: ब्रेक क्लीनरने जागा धुतली असशील तर ती पूर्ण वाळल्याशिवाय उष्णता द्यायची नाही. क्लोरीनवाल्या क्लीनरची वाफ तापली की विषारी वायू होतो. अग्निशामक हाताशी ठेव आणि दार उघडं ठेव.

गरम असतानाच बोल्टाच्या कडेला मेणबत्ती टेकव. मेण पातळ होऊन आट्यांत शोषलं जातं. मला ही युक्ती एका वयस्कर फिटरने शिकवली, आणि तेलाने दाद न दिलेले बोल्ट मेणाने सुटलेले मी पाहिलेत.

आता पाना. सहा कोनांचं सॉकेट घे, बारा कोनांचं नको. एका दमात सोडवायला जाऊ नकोस. आधी थोडा आवळायच्या दिशेने जोर दे, मग सोडवायच्या. पुन्हा आवळ, पुन्हा सोडव. किर्र असा कोरडा आवाज आला तर आनंद मान, गंज सुटतोय. पण आवाज न होता पाना मऊ वाटू लागला, रबर पिळतोय असं वाटलं, तर त्या क्षणी थांब. तो बोल्ट फिरत नाहीये, पिळला जातोय. परवा हा मऊपणा तुझ्याही हाताला जाणवला असणार, फक्त त्याचा अर्थ तुला तेव्हा माहीत नव्हता. पुढच्या वेळी हात आपोआप थांबेल. पाव फेरा सुटला की लगेच त्याच्या निम्मा मागे ने, पुन्हा तेल, आणि असंच पुढे-मागे करत बाहेर आण.

हाऊसिंग निघालं की खुंटाला ग्रिप प्लायर चावून धरेल असा लाव आणि तीच पुढे-मागेची पद्धत ठेव. प्लायर घसरत असेल तर कानसने खुंटाच्या दोन बाजू सपाट कर, म्हणजे पाना बसेल. माझा अंदाज बरोबर असला आणि पकड हाऊसिंगमध्येच असली, तर तो हातानेसुद्धा फिरेल. तेवढ्यानेही हलला नाही तर वेल्डिंगवाल्याला बोलाव. खुंटावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड भरायचा. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी, आणि मुख्य म्हणजे बोल्ट आतून लालबुंद होऊन पुन्हा आकसतो, तेव्हा गंजाची पकड तुटते. नट गार होऊ द्यायचा आणि मग पाना. एकदा वेल्ड तुटला तर पुन्हा करायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी निघालेले बोल्ट मी पाहिलेत.

तू फोनवर इझी-आऊटबद्दल विचारलंस. बोल्टाच्या मध्यात भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा निमुळता तुकडा बसवायचा आणि फिरवायचा. ऐकायला छान वाटतं. पण विचार कर: 8 मिमीचा अख्खा बोल्ट जिथे पिळून तुटला, तिथे 4 मिमीचा कडक तुकडा काय टिकणार? शिवाय तो आत रुतताना बोल्टाला आतून फुगवतो, म्हणजे आटे आणखी घट्ट. तू दोन-तीन वर्षांची असताना माझ्याकडून एक्झॉस्टच्या स्टडमध्ये तो तुटला. तो तुकडा इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. आधी फक्त बोल्ट अडकला होता, आता बोल्टात पोलादाहून कडक काहीतरी अडकलं. आगीतून फुफाट्यात. शेवटी अख्खं हेड उतरवून ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर न्यावं लागलं. त्या रात्री मी तुझ्या आईशी धड बोललो नाही, आणि ते मला अजून आठवतं.

तेव्हा ड्रिल हा शेवटचा उपाय. ती वेळ आलीच तर सगळा जीव मध्यबिंदूत ओत. खुंट कानसने सपाट कर, मध्य शोध, सेंटर पंचाने खूण कर आणि भिंगातून बघ. अर्धा मिलिमीटर सरकली असेल तर पंच तिरका धरून खूण परत मध्यात आण. पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ, म्हणून बाजूला गेलेलं ड्रिल मऊ बाजूलाच ओढलं जातं आणि भोकाची भिंत खातं. उलट्या पिळाचं ड्रिल मिळालं तर तेच घे आणि मशीन उलटं चालव. पुष्कळदा भोक पडतानाच बोल्ट त्याच्या ओढीने सुटून येतो. नाहीतर 3 मिमीपासून सुरुवात, मग 5, मग 6.5. वेग कमी, दाब भरपूर, तेल सतत. 6.5 नंतर उरते ती आट्यांची पातळ गुंडाळी, ती टोच्याने सोलून काढता येते. खोली किती जायची ते ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून ठरव. चष्मा घाल. हातमोजे मात्र नको, फिरतं ड्रिल ते ओढून घेतं. कूलंटच्या वाटेत आणि बाकी उघड्या तोंडांत फडकं कोंबून ठेव. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, तो व्हॅक्यूमनेच ओढायला लागतो.

आटे थोडे दुखावले असतील तर M8 (8 मिमीच्या बोल्टाचा), 1.25 पिचचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने, न रेटता फिरव. पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येतं. ॲल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षा भक्कम बसतं, तेव्हा त्याने हिरमुसू नकोस.

बसवताना दोन्ही बोल्ट नवे घे. भोकात तेल किंवा कूलंट साचू देऊ नकोस, कारण बंद भोकात द्रव दाबला गेला तर हेडला तडा जातो. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, अगदी पातळ लाव, आणि ते लावलं की घर्षण घटतं हे लक्षात ठेवून टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, थोडा कमी ठेव. या जाडीच्या बोल्टाला सहसा 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतात, पण तुझ्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात जो आकडा असेल तोच धर. 25 म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगल्याएवढा जोर. एकदा टॉर्क रेंचने आवळून मग साध्या पान्याने तोच जोर हाताला लावून बघ. थोड्या वेळाने हात तो ओळखू लागतो.

दुसरा बोल्ट सुटला की मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. हाऊसिंग काढण्याआधी भोकात वरून दिवा धरून एक फोटो पाठव. आणि तुटलेलं डोकं फेकू नकोस, मला ते तुटल्याची जागा बघायची आहे: कडेला जुना काळा डाग असेल तर तो आधीपासूनच चिरलेला होता, आणि मग दोष तुझ्या हाताचा नव्हताच.

तुझा,
बाबा