मावशी, त्या रात्रींबद्दल

मावशी, नमस्कार.

हे पत्र आपल्या वसतिगृहातली आठवीतली पोरगी तुम्हाला वाचून दाखवील. यात तिच्याबद्दलही लिहिलंय. लाजून मध्येच थांबली तर पुढं वाचायला लावा.

बीड जिल्ह्यात सहावी ते आठवीला गणित शिकवताना सुरुवातीची काही वर्षं मला एक कोडं सुटत नव्हतं. बऱ्याच पोरांना पुस्तकाचा पहिला अर्धा भाग यायचा, नंतरचा कोराच. एक दिवस मागच्या इयत्तांचे हजेरीपट काढून बसलो आणि उलगडा झाला. दसरा-दिवाळीला ट्रक भरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात, परततात ते मार्च-एप्रिलला. मधल्या पाच-सहा महिन्यांत वर्गात जे शिकवलं, ते या पोरांच्या कानावरच पडलेलं नसायचं. अपूर्णांक असे हुकले की सातवीत गुणोत्तर अडतं, आठवीत बीजगणित. आणि आम्ही शिक्षक म्हणत होतो, पोरं कच्ची आहेत. त्याची मला अजून लाज वाटते.

हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले की पोरांना गावातच ठेवायची, योजना होतीच. पण आईबाप पोरींना मागं ठेवायला राजी नव्हते. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली, नवराबायको दोघंही ऊस तोडायला कोयत्यावर. पोरगी तिथल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळणार, भाकरी थापणार. शिवाय ठेवली तरी रात्री तिला राखणार कोण? पालकांच्या बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा मी गप्प बसलो होतो. मागून तुम्ही म्हणालात, "मी निजते त्यांच्यापाशी."

मानधन तुम्हाला स्वयंपाकाचं मिळतं. रात्रीचं कुणी देत नाही, तुम्ही कधी मागितलंही नाही.

त्या वर्षी सात पोरी गावात राहिल्या. एक तापानं फणफणली तेव्हा रात्रभर तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवून सकाळी तुम्ही चुलीपुढं हजर होतात. उसाच्या फडातून आयांचे फोन आले की पोरगी जेवली, हे आधी सांगायचात, मग फोन तिच्या हातात द्यायचात.

त्या सातांतली ही एक. यंदा एनएमएमएस या, गरीब घरांतल्या हुशार आठवीच्या पोरांसाठीच्या परीक्षेत तिची शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये. ही परीक्षा ऐन ऊसतोडीत येते, मावशी. तुम्ही नसतात तर त्या दिवशी ती कुठल्यातरी फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत असती.

यंदाच्या हंगामासाठी अकरा पोरींची नावं आत्ताच आली आहेत. दोघींच्या आया मला म्हणाल्या, मावशी असतील तरच ठेवतो. सतरंज्या आणि दाराची नवी कडी मी बघतो.

तुमचा,
गणिताचा मास्तर