गच्चीवर पत्रे पडायच्या आत

रत्नागिरी, ९ मे

प्रिय बाळ्या,

फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि 'हो हो' म्हणतोस, म्हणून लिहितोय. आम्ही ठीक. आईची साखर आटोक्यात आहे.

सोसायटीने गच्चीवर पत्रे घालायचं घेतलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मृगाच्या आत. म्हणजे काकूंचा, तुझ्या आईचा, तिथल्या ड्रमांतला भाजीचा मळा संपला. पत्र्याखाली अळू कसंबसं जगेल. भेंडी, पडवळ, दोडक्याला ऊनच लागतं.

चौथ्या मजल्यावर गळतं हे खरं आहे. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ज्याच्या अंथरुणावर थेंब पडतो त्याला भाजीचं कौतुक काय सांगणार? पण ती गळती आपल्या ड्रमांची नाही रे! परवा वॉचमनला घेऊन ड्रमांभोवती मातीचा बांध घातला आणि पाणी तुंबवलं. रात्रभर खाली टिपूस नाही. मग कोपऱ्यातल्या पाइपच्या तोंडाशी तुंबवलं, तर तासाभरात खालच्या भिंतीला ओल आली. तिथे कोबा फुटलाय, बोट जाईल एवढी भेग आहे.

वजनाचं म्हणशील, तर ओली माती घनमीटरला दीड-दोन टन भरते, कबूल. म्हणूनच ड्रम बीमच्या रेषेत विटांवर ठेवलेत आणि आत माती थोडी, बाकी नारळाच्या सोडणांचा भुसा आणि पालापाचोळा. तुझा हट्ट होता नुसती लाल माती भरायचा. दोन सरींत दगडासारखी बसली असती. त्यावरून तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास, आणि काकूंनी तुलाच भुसा आणायला पिटाळलं होतं. आठवतंय ना?

'एवढ्याशा भाजीवर काय अडलंय?' असं सभेत विचारलं गेलं. अरे, आपली भाजी कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येते. २०२१ च्या जुलैत आंबा घाट खचला तेव्हा काकूंनी अळू आणि भेंडी दारोदार नेऊन दिली. आज पत्रे मागणाऱ्यांच्या घरीही दिली. सोव्हिएत युनियनची मदत थांबल्यावर क्युबातल्या हवाना शहरातले लोक मोकळ्या जागांत भाजी पिकवायला लागले, ते काही हौस म्हणून नव्हे. मी हे सगळं सांगितलं, पण कोणी मनावर घेतलं नाही. फार लागलं मला ते.

काकूंचं दोडकं अजून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे, अख्खं वाळलेलं. हलवलं की आत बी खुळखुळतं. पाकिटातलं बी मिळतं बाजारात, पण हा वेल वर्षानुवर्षं आपल्या पावसात नि खाऱ्या वाऱ्यात टिकलाय. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते. तेव्हा बी मातीत पडायला हवं.

माझं म्हणणं एवढंच: कोबा दुरुस्त करा, पत्रे पश्चिमेच्या निम्म्या गच्चीवर घाला, पूर्वेची बाजू मोकळी ठेवा. दुरुस्तीत माझा वाटा जास्त धरा, असं लिहूनही दिलंय. तुझा फ्लॅट बंद असला तरी मत तुझं आहेच. आणि तू काकूंचा मुलगा. तू उभा राहिलास तर ऐकतील.

नवी नोकरी कशी? वहिनींचा गुडघा? चिंगीचा दहावीचा निकाल लागला की लगेच कळव.

सभा पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे. शनिवारी रात्री कोकणकन्या पकड. तिकीट नाही मिळालं तर एसटी आहेच.

तुझा,
अण्णू