काकांच्या रॅलेचा रंग काढू नकोस

प्रिय नंदू,

काकांची जुनी रॅले सायकल माळ्यावरून खाली उतरली, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! पण फ्रेम घासून पावडर कोटिंगला देणार म्हणतोस, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसलो. तेवढं करू नकोस.

काळ्या एनॅमलवरच्या त्या सोनेरी रेघा, नळीवरची अक्षरं एकदा गेली की गेली. नव्या रंगात सायकल चकचकीत दिसेल, पण ती कोणाचीही वाटेल. दांडीवर तू बसायचास तिथला रंग झिजलाय ना? राहू दे तसाच. थिनर, पेट्रोल लावूच नकोस, अक्षरं सुटून येतात. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं आणि वरून गाडीचं मेण, बस्स. हँडलच्या क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासलास की निघतो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे उठत नाहीत.

खरी मेहनत आत आहे. ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं सुटं करून साफसफाई, स्वतः कर. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आसाला पकडून ठेवणाऱ्या पाचरीवर, कॉटर पिनेवर, घाईने हातोडा घातला की आटे चेपतात. आदल्या रात्री तेल सोड. नट पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच ढिला कर, क्रँकखाली पाइपचा तुकडा असा टेकव की पिनेचं डोकं मोकळं राहील, आणि मग एकच जोरकस घाव. हळूहळू ठोकत बसलं की पिन वाकते. डावं पायडल उलट्या आट्याचं, उजवा बीबी कपही (क्रँकच्या आसाचे छर्रे धरणारी, फ्रेममध्ये आट्यांनी बसणारी वाटी) तसाच. आणि ते कप जिवापाड जप! इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या रॅलेचे आटे इंचाला २६, बाजारातल्या कपांचे साधारण २४. नवा कप जबरदस्तीने बसवला तर फ्रेमच बाद. छर्रे मात्र सगळे नवे घाल, पाव इंची, एका बाजूला ११. टायरची काळजी नको, २८ × १½ आपल्याकडे अजून सहज मिळतात.

मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, स्टर्मी-आर्चर कंपनीचा, आत तीन गिअर असलेला आहे हे तर सोनंच. मधल्या गिअरला चाक थेट फिरतं, पहिला त्याहून पाव हिस्सा हलका, तिसरा एकतृतीयांश जड. चढाला नि वाऱ्याला दोन्हीला पुरतो. तो उघडू नकोस. तेलाच्या टोपीतून पातळ मशीन ऑइल सोड आणि चाक फिरवत राहा. चिकटलेले खटके बहुतेकदा तेवढ्यानेच मोकळे होतात. ग्रीस अजिबात नको.

हबच्या अंगावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ५४ ७ दिसलं, तर तो हब जुलै १९५४ चा. सायकल काकांना लग्नात मिळाली की नोकरी लागल्यावर त्यांनी घेतली, हा तुमच्या घरचा वाद त्यावरून बराचसा मिटेल. रॉकेलचं फडकं फिरवून आकडे वाच आणि मला लगेच कळव.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
विलास